बेडकी विकायची नाही

चामोर्शी, १९ जून

इसरू,

आशीर्वाद देण्याइतका मी तुझ्याहून मोठा नाही आणि नमस्कार करण्याइतका अजून नरमलेलो नाही. तेव्हा मायना वगळून थेट तक्रारीवर येतो.

तू जाताना माझा सात-सोळांश इंचाचा पाना घेऊन गेलास.

ही गोष्ट क्षुल्लक समजू नकोस. मिलिमीटरचे पाने या तालुक्यात पोत्याने मिळतात. इंची पान्यांचा संच एकच, तोही माझ्या वडिलांचा. त्या नटावर अकराचा पाना चढत नाही आणि बाराचा नुसता फिरतो. धर्मशास्त्रात सोन्याच्या चोरीला प्रायश्चित्त सांगितलं आहे, इंची पान्याच्या चोरीला नाही. माणूस इतका खाली जाईल असं शास्त्रकारांना वाटलं नसावं.

बाकी इकडे सगळं तू गेलास तेव्हासारखंच आहे, म्हणजे वाईट. साधनाचं डावं मनगट प्लास्टरमध्ये आहे. बेडकी तुझ्या शेडमध्ये उभी आहे, पुढचं डावं चाक बाहेर फाकवून. परवा तिच्या सीटखालून खरोखरीचा बेडूक निघाला. त्याला मी रीतसर बाहेर काढलं. नावावर हक्क सांगायला आला असावा.

साधनाचा भाऊ, आमचा मेहुणा, रोज संध्याकाळी येतो. प्रफुलचं गडचिरोलीत गाड्यांचं दुकान आहे, त्यामुळे न विकलेली गाडी पाहिली की त्याचा जीव खालीवर होतो.

"भाऊजी, नागपूरची एक पार्टी हाय. हॉटेलच्या दारात ठेवाले इंग्लिश गाडी पायजे त्याले. देऊन टाका न."

"दारात भालदार ठेव म्हणावं."

"अठ्ठावन्न वर्षांची गाडी हाय भाऊजी. आता जीव घेईन एखाद्याचा."

"मी पंचावन्नचा आहे. मलाही विकून टाक."

साधना आतून म्हणाली, "पार्टी पाहून ठेवजो रे, प्रफुल."

मग मी त्याला सगळा इतिहास पुन्हा ऐकवला. घुग्घुसच्या खाणीतले पारशी इंजिनीयर, त्यांनी हौसेने आणलेली ही दोन सीटांची, बिनछपराची ट्रायम्फ स्पिटफायर, साहेब देश सोडून गेले तेव्हा त्यांच्या स्टोअरकीपरला, म्हणजे माझ्या वडिलांना, किल्ली देऊन गेले ते. नंतर ताडपत्रीखाली गेलेली वीस वर्षं. आणि मग तू आलास. सिरोंच्याच्या ठेकेदाराच्या परसात मेलेली मद्रासची हेरल्ड गाडी तुला सापडली, तिचे हातपाय हिला लागतात हे तुझ्या ध्यानात आलं, आणि हिला पुन्हा चालतं करायला आपल्याला अकरा वर्षं लागली. प्रफुल जांभई देत म्हणाला, "तेच त म्हणून राह्यलो, अकरा वर्षं वाया."

मी विकणार नाही. हे त्याला सांगितलं, तुलाही लिहून देतो.

आणि तितक्याच ठामपणे दुसरं. मी जे बोललो ते मागे घेणार नाही. ८ जूनला साधना आणि मी मार्कंड्याला निघालो होतो. बोडीच्या वळणावर गाडी वळली नाही. सरळ गेली आणि बोडीच्या पाण्यात उतरली. चाक फाकलेलं अख्ख्या गावाने पाहिलं. चाक फाकतं ते त्याची मान, ज्यावर ते वळतं ती, तुटली की. मान तुटते ती तिच्यात ग्रीस भरलं की. हे मला तूच शिकवलं आहेस. त्या जागी गिअरचं नव्वद नंबरचं तेल लागतं. पण तोंड ग्रीस भरायच्या निप्पलसारखं दिसतं, म्हणून नागपूरपर्यंतचा प्रत्येक मेकॅनिक तिथे ग्रीसच दाबतो, आतले आटे गंजतात, आणि एक दिवस चाक मान टाकतं. म्हणून आपला नेम होता: अमावास्येला लोक गाडीला लिंबू-मिरची बांधतात, आपण मानेला तेल पाजतो. मे महिन्यातल्या अमावास्येला मी ब्रह्मपुरीला लग्नात होतो. तू एकट्यानेच पाजलंस. मी पाहिलं नाही. घाईत ग्रीस गेलं असणार.

हे मी बोडीच्या काठावर म्हणालो आणि अंजनाबाईच्या टपरीवर पुन्हा म्हणालो. काठावर म्हणालो तेव्हा तू गुडघाभर गाळात उभा राहून माझ्या गाडीला दोर बांधत होतास. ऐकलंस. गाठ आवळलीस. गाडी बाहेर काढलीस, शेडमध्ये नेलीस, सीटांमधलं पाणी पिळलंस, दुसऱ्या दिवशी शटर ओढलंस आणि बायकोला, बुधरीबाईला, घेऊन भामरागडच्या बसमध्ये बसलास.

मौन म्हणजे कबुली, असं आमच्याकडे धरतात.

पाना पाठवून दे. बसचा ड्रायव्हर, आपला आदेश, तो आणून देईल. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढायच्या आत हे झालेलं बरं, कारण नंतर तुझ्या गावाला ना फोन लागतो ना बस.

शालिकराम बोरकुटे


चामोर्शी, ४ जुलै

इसरू,

पाना पोचला.

आदेशने बसच्या खिडकीतून पिशवी दिली. मी विचारलं, "सोबत काही दिलं का? चिठ्ठी वगैरे?"

"नाई सर. म्हणे, सरचा हाय, देऊन दे."

"आणखी?"

"आणखी काई नाई. सर, मांगं गाड्या उभ्या हायेत, सोडा न खिडकी."

तू तो रॉकेलने धुऊन, पुसून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पाठवलास. इतका स्वच्छ पाना मी आयुष्यात पाहिला नव्हता. चार शिव्या लिहून पाठवल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. उसनं भांडं घासूनपुसून परत देतात ते पुन्हा त्या घरी जायचं नसलं की.

असो. पाना आला म्हणून काम काढलं. मी स्वतः. हसू नकोस. जॅक लावला, चाकाखाली लाकडी ठोकळे दिले, आणि बॉनेट उघडलं. ते मगरीने आ केल्यासारखं अख्खं पुढे उलटतं आणि तू चांगल्या चाकावर बूड टेकून काम करायचास, तसाच मी बसलो. मांडीवर माझी वही. आठवते ना? इंग्रजी पुस्तकाचं मी तुझ्यासाठी मराठी केलं होतं. कार्ब्युरेटरला मी 'वायुमिश्रक' लिहिलं होतं; तू पेन्सिलीने खोडून 'नाक' केलंस. 'अग्रचक्र-परिभ्रमण-संधी' या माझ्या अभिमानाच्या शब्दावर रेघ मारून 'मान'. समासात आणि व्याकरणात तू नेहमीच नापास. पण त्या दिवशी गाडीखाली पाठीवर पडलेलो असताना मला माझा एकही शब्द आठवला नाही. तुझे आठवले.

मान उघडायला दोन दिवस लागले. तुला वीस मिनिटं लागतात, ठाऊक आहे.

जे दिसलं ते क्रमाने सांगतो. मान शाबूत आहे. तुटलेली नाही, गंजलेली नाही, आटे आरशासारखे. आतून काळं, दाट तेल गळलं. नव्वद नंबरचं. ग्रीसचा एक कण नाही. मी बोटाने घासून पाहिलं, वास घेतला, साधनालाही घ्यायला लावला. ती म्हणाली, "तेल हाय. त्याच्यात वास का घ्याचा?"

चाक फाकलं ते वरची पट्टी वाकली म्हणून, आणि पट्टी वाकली ती बोडीतल्या दगडावर आपटून. म्हणजे चाक फाकलं म्हणून गाडी बोडीत गेली असं नाही. गाडी बोडीत गेली म्हणून चाक फाकलं. कार्यालाच मी कारण समजलो. माझ्या नववीच्या विद्यार्थ्याने ही चूक केली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

ही मी वस्तुस्थिती नोंदवतो आहे. माफी म्हणून वाचू नये.

कारण गाडी सरळ का गेली, हा प्रश्न उरतोच. बहुधा ब्रेक. ब्रेकही तूच पाहायचास.

शालिकराम


चामोर्शी, २६ जुलै

इसरू,

ब्रेक चांगले आहेत.

मी ते तीन वेळा तपासले. पेडल दाबलं की कडक, सोडलं की वर. तेलाची गळती नाही. स्टिअरिंगमध्ये हिसका नाही. टायर गेल्या दिवाळीचे. मग मी रस्त्याकडे वळलो. वळणावर ठेकेदाराने गिट्टी टाकून ठेवली असेल असं मला वाटलं, म्हणून पायी जाऊन आलो. गिट्टी नाही. कधीच नव्हती. मग एखादी शेळी आडवी आली असावी असं मी सुचवून पाहिलं. साधना म्हणाली, "शेळी नव्हती."

"तू डोळे मिटले होतेस."

"बोडी दिसल्यावर मिटले. त्याच्याआधी उघडेच होते."

त्या दिवशी ती ओसरीत तांदूळ निवडत होती, एका हाताने. मी तिला माझी सगळी चौकशी ऐकवली: मान निर्दोष, ब्रेक निर्दोष, टायर निर्दोष, रस्ता निर्दोष, शेळी अस्तित्वातच नाही. आमच्या न्यायशास्त्रात याला परिशेष म्हणतात, मी सांगितलं. जे जे असू शकतं ते सगळं मांडायचं, एकेक वगळत जायचं, आणि जे उरतं तेच खरं धरायचं.

तिने एक खडा काढून बाहेर टाकला. "मंग राह्यला कोण?"

मी चहा मागितला. ती म्हणाली, "हात एक हाय मले. तुमाले दोन हायेत."

चहा मीच केला. परत आलो तर ती माझ्या पायाकडे पाहत होती. "चप्पल कुठी हाय?"

उजव्या पायात चप्पल नव्हती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पडली होती. मी तिथून ओसरीपर्यंत अनवाणी आलो आणि मला पत्ता नव्हता. शाळेतही मागच्या महिन्यात असं झालं होतं. नववीच्या मुलांनी माझी चप्पल जिन्यातून वर आणून दिली आणि मी त्यांना सांगितलं की मोठ्या विचारात असलेल्या माणसाचं असं होतं. त्यांनी विश्वास ठेवला. नववीची मुलं कशावरही विश्वास ठेवतात.

साधनाने चप्पल उचलून माझ्या पायापुढे ठेवली.

परवा अमावास्या होती. मीच तेल पाजलं, दोन्ही मानांना. बाहेरून थेंब येईपर्यंत दाबायचं, हे तुझं वाक्य. आला थेंब. वाकलेली पट्टीही हेरल्डच्या सांगाड्यावरची काढून बसवली. इंजिन सुरू होतं, पण दमेकऱ्यासारखं खोकतं. तिच्या दोन नाकांचे श्वास जुळत नाहीत. तू रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं नाकाला लावून ऐकायचास, डॉक्टरसारखा, आणि स्क्रू केसभर फिरवायचास. मी तासभर ऐकलं. मला दोन्ही नाकांतून सारखीच फुसफुस ऐकू येते. तुला काय ऐकू येत होतं ते मी एकोणीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

प्रफुल पुन्हा आला होता. त्याला म्हणालो, "गाडीची पूर्ण चौकशी झाली. ती निर्दोष सुटली आहे. निर्दोषाला गावाबाहेर काढत नाहीत."

बोलून गेलो आणि हातातला घास ताटात परत ठेवला. साधना ताटावरून माझ्याकडे पाहत होती.

शालिक


चामोर्शी, १२ ऑगस्ट

इसरू,

पाणी पुलावर आहे असं आदेश म्हणतो. पत्रं भामरागडच्या अलीकडे ठेवतो, पूर उतरला की पुढे जातील. तेव्हा ही दोन-तीन एकदम मिळतील. तारखा पाहून वाच. उलट्या क्रमाने वाचलीस तर मी शहाण्याचा मूर्ख होत गेलेला दिसेन.

साधनाने मला गडचिरोलीला नेलं. प्लास्टर तिचं काढायचं होतं, तपासलं मात्र मला. डॉक्टर रंजीता माझीच विद्यार्थिनी. दहावीला संस्कृतात शंभरपैकी सत्त्याण्णव, ते तीन मीच कापले होते. तिने मला झोपवलं, मोजे काढले आणि नायलॉनचा एक दोरा दाखवला.

"डोळे मिटा, सर. तळपायाला दोरा लागला की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले. पंखा फिरत होता. बराच वेळ गेला. मी म्हणालो, "सुरू कर ना गं."

तिने दोरा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "उजव्या पायाला दहा ठिकाणी लावून झाला, सर."

नंतर डाव्या पायाला तीनदा 'हो' म्हणालो. उजव्याला एकदाही नाही. अकरा वर्षांची साखर. ती मला समजावून सांगत होती की अशा वेळी पाय जमिनीवर आहे की नाही हे डोळ्यांनी पाहून ठरवावं लागतं. बेडकीची तीन पेडलं किती जवळजवळ आहेत ते तुला सांगायला नको. जाड बूट घालून ती चालवता येत नाही, म्हणून तू माझ्यासाठी पातळ तळाचे कापडी बूट आणले होतेस. वळणावर मी ब्रेक दाबला. निदान मला वाटलं की ब्रेक. गाडी थांबेना म्हणून आणखी जोरात दाबला.

म्हणजे उरला कोण, ते तुला कळलं.

लायसन्स मी साधनाच्या हातात दिलं. ती म्हणाली, "माह्याजवळ काऊन? कपाटात ठेवा." मी म्हणालो, कपाट मी उघडू शकतो.

मग मी बाजाराच्या दिवसाची वाट पाहिली. टपरीवर गर्दी असते तेव्हा. बाकावर उभा राहिलो. पायाखाली बघून उभा राहिलो, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे.

"८ जूनला मी इथे म्हणालो होतो की इसरूने तेलाऐवजी ग्रीस भरलं. ते खोटं होतं. मान उघडून पाहिली, आत तेलच होतं. गाडीत काही बिघाड नव्हता. माझा उजवा पाय सुन्न झाला आहे. ब्रेक समजून मी रेस दाबली."

एकाने विचारलं, "सर, काई कार्यक्रम हाय का?" दुसरा म्हणाला, "उतरा सर, पडान."

प्रफुल भाजीची पिशवी घेऊन धावत आला. "भाऊजी, असं घरात सांगाचं असते. चौकात काऊन?"

"आरोप चौकात केला होता."

"तुमची नोकरी हाय, पोरं शिकतात तुमच्याजवळ, लोकं का म्हणतीन?"

"गेले दोन महिने लोक इसरूला काय म्हणत होते, ते मी ऐकलं. तेव्हा तुला चौक दिसला नाही."

अंजनाबाईने पातेलं खाली उतरवलं, हात पुसले आणि कमरेवर ठेवले. ती एवढंच म्हणाली, "सर, पाय तुमचा, अन् दुकान त्याचं बंद. असं कसं?"

मी बाकावरून उतरलो. ती म्हणाली, "चहा घ्या. बिनसाखरेचा."

दोन ट्रॅक्टरवाले विचारत होते, इसरू कधी येईल. स्कूलबसचा मालकही. याच तिघांनी जूनमध्ये तुझ्या शेडमधून आपापली वाहनं ओढून नेली होती. मी त्यांना म्हणालो, तुम्ही त्याला बोलावू नका, आधी मी.

आता माझं म्हणणं ऐक. गाडी मी विकणार नाही. नागपूरच्या पार्टीला प्रफुलने परस्पर बोलावलं होतं. ते आले, वाकून पाहिलं, फोटो काढले, आणि "पुढची काच नवीन बसवू, आत गाणी लावू, बाहेर लाइटिंग करू" म्हणाले. मी त्यांना दारापर्यंत पोचवलं, माझं प्रत्येक पाऊल पाहत. मी चालवू शकत नाही म्हणून ती चालू नये, हे मला मान्य नाही. साधना शिकायची म्हणते आहे. मनगट सुटल्या दिवशी ती शेडमध्ये जाऊन स्टिअरिंगपाशी बसली, हॉर्न वाजवला, आणि मला म्हणाली, "तिकडून बसा. डाव्या बाजूनं." पण खोकला तिच्याने जाणार नाही, माझ्याने तर नाहीच. त्याला तुझा कान लागतो.

ये. चूक माझी होती. या वेळी वाक्यात पुढे काही जोडत नाही.

शालिक


चामोर्शी, २४ ऑगस्ट

इसरू,

डोमाभाऊ आले होते. पूर उतरल्या उतरल्या पहिल्या बसने, धानाच्या औषधासाठी. तुझ्या मोठ्या भावाला मी बसस्थानकावरच गाठलं. जोहार केला. घरी आणलं. साधनाने जेवायला वाढलं.

मी विचारलं, "इसरू काय म्हणतो?"

"काई नाई म्हणत. रोवणं झालं. आता धानाच्या बांध्यांतलं पाणी पाहून राह्यला."

"पत्रं मिळाली?"

"मिळाली न. चारी. डब्यात ठेवली हायेत त्यानं. पाऊस येते न घरात."

"वाचली?"

"वाचली. बुधरीले बी वाचून दाखवली. बेडूक निघाला ते वाचून लई हासली ते."

"आणि तो?"

डोमाभाऊंनी भात कालवला. "म्हणे, सर लिवते बढिया."

मी म्हणालो, "तो माझ्यावर रागावला असेल."

"नाई. राग नाई त्याले." मग पाणी प्यायले आणि अगदी सहज म्हणाले, जसं कोणी पिकाबद्दल बोलतं, "तो त तवाच म्हणे, होते असं. आमच्याइथं होतच राह्यते, सर. काई हरवलं, काई मोडलं, का पहिले आमचंच नाव निघते. त्याचं का मनावर घ्याचं."

ते गेले. मी त्यांना तुझ्यासाठी वही द्यायला विसरलो. किंवा दिली नाही.

या पत्रात विनोद नाही. प्रयत्न केला, दोन पानं फाडली.

तुला मी लिहीत आलो की ग्रीस असेल, मग ब्रेक, मग गिट्टी, मग शेळी. जणू मी शोधत होतो. मी शोधत नव्हतो. मला बोडीतच कळलं होतं. गाडी पाण्यात थांबली, इंजिन बंद पडलं, साधना हात धरून कण्हत होती, आणि मी खाली पाहिलं. माझा पाय रेसवर होता. अजूनही दाबलेला. मी तो हाताने उचलून बाजूला ठेवला. त्यानंतर काठावर चढलो तर माणसं जमली होती, तू गाळात उतरून दोर बांधत होतास, आणि कोणीतरी ओरडून विचारलं, "का झालं सर?" आणि मी तुझं नाव घेतलं.

ब्रेक फेल झाला म्हणता आलं असतं. गाडी जुनी आहे म्हणता आलं असतं. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. गाडीवर ढकललं असतं तर ती विकावी लागली असती, म्हणून मी तुझ्यावर ढकललं. तुझं नाव घेतलं तर कोणी मान उघडून पाहायला येणार नाही, हे मला ठाऊक होतं. शेजारच्या गुरुजींचं किंवा प्रफुलचं नाव घेतलं असतं तर लोकांनी पुरावा मागितला असता. माडिया आदिवासी माणसाचं नाव घेतल्यावर कोणी मागितला नाही. एकोणीस वर्षं तू माझ्या ओसरीवर जेवलास, आणि हे मला ठाऊक होतं, आणि मी ते वापरलं.

मी बाकावर उभा राहिलो तेव्हा पायाचं सांगितलं. हे सांगितलं नाही. पुढच्या बाजाराला सांगेन. प्रफुल म्हणेल वेड लागलं, म्हणू दे. तू आलास, नाही आलास, तरी सांगेन. शेडचं भाडं मी भरतो आहे, शटरवरचं तुझं नाव तसंच आहे. बेडकी तिथेच राहील. तिला तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हात लागू देणार नाही, साधनाचा सोडून.

पायाची मला भीती वाटत नाही. पाहून चालतो. नोकरीची नाही, गावाची नाही. तू रागावून गेला असशील तर मी तो राग जन्मभर झेलायला तयार आहे. रागावलेला माणूस कधीतरी येऊन भांडतो तरी. डोमाभाऊ जेवून गेल्यापासून मला एकाच गोष्टीची काळजी लागली आहे. त्या दिवशी गाळात उभा असताना तू माझ्या तोंडून तुझं नाव ऐकलंस, आणि गाठ आवळलीस. तुला आश्चर्य वाटलं नव्हतं, याची.

शालिक